दुखण्याचा हजेरीपट

"पाळीच्या दिवसांत शौचाला बसल्यावर दुखतं का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला तेव्हा मी ३३ वर्षांची होते. त्याआधी सात डॉक्टर होऊन गेले होते. मी उत्तर देण्याआधी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, कारण ही गोष्ट मी त्यालाही कधी सांगितली नव्हती. सांगायची असते हेच माहीत नव्हतं. मग म्हटलं, "हो. आतून कापल्यासारखं. दारात उभी असते तेव्हाच घाम फुटतो." डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवून विचारलं, "किती वर्षांपासून?" मी हिशेब केला. अकरावीपासून.

एन्डोमेट्रिओसिस हा शब्द त्या दिवशी माझ्यासाठी नवा नव्हता. पण मला तो आजार आहे, आणि तो कुठे आहे, हे कळायला एवढी वर्षं का लागली ते मला लिहायचं आहे.

मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि ठाण्यात पाचपाखाडीला राहते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मासिक पाळी येते. फळ्यावर गर्भाशय, दोन्ही बाजूंना अंडनलिका, टोकाला अंडाशय अशी आकृती काढायची आणि सांगायचं की गर्भाशयाचा अंतःस्तर दर महिन्याला जाड होतो, गर्भ राहिला नाही की सुटतो आणि रक्ताबरोबर बाहेर पडतो. मुलं हसतात, मुली वहीत डोकं घालतात. हा पाठ मी कितीतरी वेळा घेतला. त्या अंतःस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयाजवळ रुजू शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिथेही त्या संप्रेरकांच्या तालावर फुगतात, रक्तस्राव होतो, आजूबाजूला सूज येते. ते रक्त बाहेर पडायला वाट मात्र नसते. मग व्रण तयार होतात आणि पोटातले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. हाच एन्डोमेट्रिओसिस.

आमच्या घरात पाळी दुखणं ही बातमी नव्हती. आजी ओवा भाजून द्यायची, शेपेचं पाणी उकळायची. आई गरम पाण्याची पिशवी भरून पायथ्याशी ठेवायची आणि म्हणायची, "मला पण असंच व्हायचं." हे ती धीर द्यायला म्हणायची. मीही तसंच ऐकलं. आईला व्हायचं, मला होतं, म्हणजे हे असंच असतं. दुखणं अंगावर काढायचं, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते घरातच असतं.

दहावीनंतर ते वाढलं. पहिल्या दोन दिवसांचे चार झाले. ओटीपोटातून कंबरेत, कंबरेतून डाव्या मांडीत कळ उतरायची. एकदा कॉलेजच्या स्वच्छतागृहात चक्कर येऊन पडले. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणलं, आणि तीन हात नाक्याच्या प्रत्येक खड्ड्याला मी एकीचा हात दाबत होते. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या डॉक्टरांनी मेफेनॅमिक अॅसिडची गोळी लिहून दिली. "लग्न झालं की कमी होईल," हे त्यांनी आईला सांगितलं. माझ्याशी ते बोललेच नाहीत.

पहिली सोनोग्राफी २०११ साली झाली. मी २१ वर्षांची. चार ग्लास पाणी पिऊन लघवी तुंबवून बाकावर बसले होते, समोर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी. आत गेल्यावर पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर पोटावर जेल लावून वरून सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल आला.

या एका शब्दाने माझी बरीच वर्षं खाल्ली. घरात कुणी वाईट वागलं नाही. पण त्यानंतर मी कळवळले की कुणीतरी म्हणायचंच, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना." हळूहळू मीही स्वतःला तेच सांगू लागले. आता कळतं की पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत हा आजार सहसा दिसत नाही. अंडाशयात मोठी गाठ झाली असेल तर दिसेल. पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर पसरलेले ठिपके किंवा गर्भाशयामागे खोल रुजलेली गाठ तिच्यातून निसटते. खोल गाठीसाठी योनीमार्गातून करायची सोनोग्राफी लागते, आणि करणाऱ्याची नजर या आजारासाठी तयार असावी लागते.

आणि ते 'लग्न झालंय का'. माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न चुकीचा आहे. आतून तपासणी चालेल का, हे त्या मुलीला एकटीला, नीट समजावून विचारायला हवं. तिला नको असेल किंवा शक्य नसेल तर एमआरआय आहे, गुदमार्गातून करायची सोनोग्राफी आहे. काहीच नाही तरी, "वरून केलेल्या तपासणीत सगळं दिसत नाही" एवढं एक वाक्य रिपोर्ट देताना सांगता येतं. मला ते कुणी सांगितलं नाही.

मग पोटाचा त्रास मागे लागला. पाळीच्या आधी पोट असं फुगायचं की ड्रेसची नाडी सैल करावी लागायची. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. २०१६ मध्ये पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आयबीएस, म्हणजे आतड्याची चिडचिड, असं निदान केलं, दूध-गहू बंद करायला लावलं. पुढे कोलोनोस्कोपीही झाली. तीही नॉर्मल. आतड्यावरचा एन्डोमेट्रिओसिस बाहेरच्या बाजूने आत शिरत जातो, आतलं अस्तर बहुतेक वेळा शाबूत राहतं, म्हणून कॅमेऱ्याला काही दिसत नाही. हे मला सात वर्षांनी समजलं. पोट नेमकं पाळीच्या आसपासच का बिघडतं, हे त्या वेळी त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. पोटाच्या डॉक्टरांना पाळीचं काय सांगायचं, असं मनात होतं.

२०१८ मध्ये लग्न झालं. दुखणं कमी झालं नाही, त्यात भर पडली. संबंधांच्या वेळी आत खोलवर कळ यायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकत राहायचं. हे धीर करून एका डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "नवीन आहे, सवय होईल." त्या बाई होत्या, म्हणून मला ते जास्त लागलं. नवऱ्याला वाटू लागलं की मी त्याला टाळते. मी टाळतच होते, पण कारण त्याला वाटत होतं ते नव्हतं. आम्ही दोघंही गप्प बसलो. त्या दोन वर्षांबद्दल मला अजूनही वाईट वाटतं.

२०२१ मध्ये मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या. त्यात कुणीतरी सीए-१२५ नावाची रक्ततपासणी लिहिली. साधारण ३५ पर्यंत ठीक समजतात, माझा आकडा ६८ आला. रिपोर्ट हातात आल्यावर नवऱ्याने मोबाईलवर शोधलं आणि पहिलं नाव अंडाशयाच्या कॅन्सरचं आलं. पुढचे बारा दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. ही तपासणी पाळीच्या दिवसांतही वाढलेली येते, एन्डोमेट्रिओसिसमध्ये येते, आणखीही कारणांनी येते. तिच्यावरून या आजाराचं निदान होत नाही, आणि आकडा नॉर्मल आला म्हणून आजार नाही असंही ठरत नाही. माझं रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं. तारीख कुणी विचारली नव्हती.

तो रिपोर्ट पाहून एका डॉक्टरांनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "एन्डोमेट्रिओसिस असू शकतं. पण दुर्बीण घातल्याशिवाय सांगता येत नाही." दुर्बीण म्हणजे लॅप्रोस्कोपी, पूर्ण भूल देऊन, बेंबीपाशी छेद घेऊन. घरी सांगितलं. सासूबाई घाबरल्या, "नुसतं बघायला कुणी पोट फाडतं का?" मीही घाबरले होते, त्यांच्यामागे लपले इतकंच. आम्ही ते पुढे ढकललं. पुढे ढकलता ढकलता जवळजवळ दोन वर्षं गेली.

जून २०२३ मध्ये शाळा सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. नव्या वर्षाचा कॅटलॉग, म्हणजे मुलांचा हजेरीपट, भरायला बसले होते. डावीकडे नावं, वर १ ते ३१ तारखांचे चौकोन. त्या आठवड्यात मी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत, लेडीज डब्यात, ऐरोली ते घणसोली एवढ्या अंतरात दोनदा खाली बसले होते. गर्दीत एका बाईंनी उठून जागा दिली आणि विचारलं, "कितवा महिना?" मी उत्तर दिलं नाही. शाळेत आल्यावर कॅटलॉगचा एक कोरा कागद घेतला आणि मुलांच्या नावांच्या जागी लिहिलं: पोट, कंबर, मांडी, झोप, गोळ्या, रजा. चौकोनात ० ते १० पैकी आकडा भरायचा. लाल पेनाने पाळीचे दिवस.

मी तो चार महिने भरला. मुख्याध्यापकांना, डॉक्टरांना, आईला, सगळ्यांना मी सांगत आले होते की मला दोन-तीन दिवस त्रास होतो. कागदावर ऑगस्टमध्ये ११ दिवस ५ च्या वर आकडे होते. लाल चौकोन पाचच. दुखणं पाळीच्या आधी चार दिवस सुरू होत होतं, आणि महिन्याच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमाराला, आणखी दोन दिवस. चार महिन्यांतल्या सहा किरकोळ रजांपैकी पाच त्याच दिवसांत पडल्या होत्या. गोळ्यांची बेरीज मी दोनदा करून पाहिली. मी खोटं बोलत नव्हते, मला माझंच दुखणं माहीत नव्हतं. दर महिन्याला ते संपलं की मी विसरायचे, आणि विसरायचं असतं असंच मला वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सहशिक्षिकेने सुचवलेल्या डॉक्टरांकडे गेलो. ठाण्यातच, राम मारुती रोडपासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर. तो घडी घातलेला कागद मी पर्समधून काढला तेव्हा लाज वाटत होती, काहीतरी जास्तच करतोय असं. डॉक्टरबाईंनी तो टेबलावर सपाट केला, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग सुरुवातीला लिहिलेला तो प्रश्न विचारला. नंतर लघवीचा. नंतर संबंधांचा, आणि तो विचारण्याआधी, "यांना बाहेर बसायला सांगू का?" असंही विचारलं. मी म्हटलं, "नको, त्यालाही ऐकू दे." माझी उत्तरं ऐकून त्यांनी स्वतःच्या पेनाने माझ्या कागदाखाली तीन ओळी वाढवल्या: शौच, लघवी, संबंध. म्हणाल्या, "हे तिन्ही तुम्ही लिहिलं नव्हतंत, आणि मला सगळ्यात जास्त यांचीच गरज होती."

"घरात कुणाला असा त्रास? आई, बहीण?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं.

मग तपासणी. काय करणार आहेत ते एकेक सांगून, विचारून. आतून तपासताना गर्भाशयाच्या मुखामागे, डावीकडे, एका जागी बोट लागलं आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. "हेच ना?" त्यांनी विचारलं. हेच होतं. इतकी वर्षं 'पोटात दुखतं' म्हणून सगळ्या पोटावर हात फिरवून दाखवायचे, त्या दुखण्याला एक जागा होती, आणि ती दुसऱ्या माणसाच्या बोटाला लागत होती. मला रडू आलं ते दुखल्यामुळे नव्हे.

त्यांनी दोन तपासण्या लिहिल्या. योनीमार्गातून सोनोग्राफी, पण ती 'एन्डोमेट्रिओसिससाठी' असं ठळक लिहून, वाशीला एका ठरावीक रेडिओलॉजिस्टकडे. आणि ओटीपोटाचा एमआरआय. मी विचारलं, "दुर्बीण नको?" तेव्हा त्यांनी सांगितलं की पूर्वी लॅप्रोस्कोपी हाच निदानाचा शेवटचा शब्द मानायचे, पण मानवी प्रजननावर काम करणाऱ्या युरोपीय संस्थेने, ईएसएचआरईने, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते बदललं. लक्षणं आणि चांगल्या प्रतिमा यांवरून निदान करून उपचार सुरू करता येतात. प्रतिमांत काही दिसलं नाही, औषधांचा उपयोग झाला नाही किंवा बाईला औषधं नकोच असतील, तर दुर्बिणीचा विचार. म्हणजे ज्या ऑपरेशनच्या भीतीने आम्ही दोन वर्षं घालवली, ते फक्त निदानासाठी लागणारच होतं असं नाही.

वाशीची सोनोग्राफी जवळजवळ पाऊण तास चालली. एरवी दहा मिनिटांत उरकतात. ते डॉक्टर पडद्यावर दाखवत, समजावत होते. डाव्या अंडाशयात ४.२ सेंटीमीटरची गाठ, आतमध्ये दुधी काचेसारखं सारखं करडं. हीच चॉकलेट सिस्ट. साचून जुनं झालेलं रक्त पातळ चॉकलेटसारखं दिसतं, म्हणून हे नाव. मग त्यांनी प्रोबने हलका दाब दिला आणि म्हणाले, "बघा, गर्भाशय आणि त्यामागचं आतडं एकमेकांवरून सरकायला हवं." साडीच्या निऱ्या कशा एकीवरून एक सुळकन सरकतात, तसं. माझ्या पडद्यावर दोन्ही एकत्रच हलत होतं. चिकटलेलं होतं. जिथे डॉक्टरबाईंचं बोट थांबलं होतं तिथेच, गर्भाशयामागच्या बंधावर आणि आतड्याच्या भिंतीवर, एक कडक गाठ होती. शेवटी त्यांनी पोटावरून दोन्ही मूत्रपिंडंही पाहिली. हा आजार मूत्रवाहिनीला बाहेरून आवळू शकतो आणि काहीही न दुखता मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. माझी ठीक होती.

एमआरआयबद्दल सांगण्यासारखं थोडंच. काही तास उपाशी राहायचं, आतड्याची हालचाल थांबावी म्हणून एक इंजेक्शन, आणि मग त्या नळीत अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं. मशीनचा आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगावं. आतड्यावरची गाठ किती खोल आहे, किती लांब आहे, हे त्यात कळलं. पुढे ऑपरेशन करायचं ठरलं तर आतड्याचे सर्जन बरोबर लागतील की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी पाटीवर आकृती काढली. मी फळ्यावर काढते तीच. फक्त त्यांनी गर्भाशयामागे आतडं काढलं आणि मधल्या जागेत खडूने रेघोट्या मारल्या. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्याही रंगात आल्या. हे पहिल्यांदा १८६० मध्ये व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी वर्णन केलं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी मांडलं की पाळीचं थोडं रक्त अंडनलिकेतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. मी लगेच विचारलं, "मग सगळ्यांना का होत नाही?" उलटा प्रवाह बहुतेक बायकांत होतोच, असं त्या म्हणाल्या. कुणाच्या शरीरात त्या पेशी साफ होतात, कुणाच्या टिकतात. त्यात आनुवंशिकता आहे, प्रतिकारशक्ती आहे, इस्ट्रोजेन आहे, आणि पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. माझ्या खाण्यापिण्यामुळे, उशिरा लग्न केल्यामुळे, काही चुकल्यामुळे झालंय का, हे मी विचारलंच. त्यांनी सरळ नाही म्हटलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे, म्हणजे जवळपास १९ कोटी. माझ्या वर्गात २८ मुली आहेत. हा आकडा ऐकल्यावर मी मनात कॅटलॉगच उघडला.

माझा आजार त्यांच्या मोजणीने चौथ्या टप्प्याचा निघाला. नवऱ्याचा चेहरा पडला, त्याला कॅन्सरचे टप्पे आठवले. तसं नाही. हे टप्पे किती ठिकाणी, किती खोल, किती चिकटलंय ते सांगतात, दुखण्याचं माप सांगत नाहीत. पहिल्या टप्प्यातली मुलगी कळांनी लोळू शकते आणि चौथ्या टप्प्यातल्या बाईला, मूल होत नाही म्हणून तपासायला आल्यावर, आजार योगायोगाने कळू शकतो.

उपचाराचं थोडक्यात सांगते. डायनोजेस्टची २ मिलिग्रॅमची गोळी, रोज, न चुकवता. ती आजार मुळातून काढत नाही, दाबून ठेवते. बीज सुटणं बंद होतं, त्यामुळे ज्यांना लगेच मूल हवंय त्यांच्यासाठी ती नाही. ऑपरेशनचा पर्यायही त्यांनी समजावला. अंडाशयावरच्या गाठीचं ऑपरेशन करताना चांगली बीजंही कमी होऊ शकतात, हेही सांगितलं. मुलाबद्दल आम्ही काय ठरवलं ते इथे लिहीत नाही, ते आमच्या दोघांचं आहे. गोळीचे पहिले तीन महिने मधूनमधून डाग पडायचे, चिडचिड व्हायची, डोकं दुखायचं. मग बसलं. मेमध्ये सोनोग्राफी केली तेव्हा गाठ ३.१ सेंटीमीटर झाली होती. हजेरीपट अजून भरते. शौचाच्या ओळीत आता बहुतेक शून्य असतात, आतड्यावरची गाठ मात्र आहे तिथेच आहे आणि कधीतरी ४ लिहावा लागतो.

ज्या बाईला किंवा जिच्या मुलीला हे वाचून ओळखीचं वाटतंय, तिला माझं कळकळीचं सांगणं आहे. डॉक्टरांकडे 'खूप दुखतं' एवढं घेऊन जाऊ नका. कुठल्या तारखेला, काय करताना, किती गोळ्या, किती रजा, हे लिहून न्या. दोन-तीन महिन्यांचं पुरे. शौच, लघवी आणि संबंध, या तीन ठिकाणचं दुखणं विचारलं नाही तरी सांगा. पोट वारंवार बिघडत असेल तर पोटाच्या डॉक्टरांनाही पाळीची तारीख सांगा. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर 'एन्डोमेट्रिओसिस?' असं लिहून घ्या, म्हणजे बघणारा ते शोधेल. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखत असेल तर 'मग हे कशाने दुखतंय?' असं विचारून खुर्चीतून उठू नका. शाळा, नोकरी बुडवणारं, चक्कर आणणारं दुखणं हे 'पाळी म्हटलं की होणारच' यात बसत नाही.

मेमध्येच आईकडे कपाट आवरायला गेले होते. तिची पिशवी २००६ मध्ये काढली होती, ती ४२ वर्षांची होती आणि मी दहावी संपवून घरी होते. रक्तस्राव खूप व्हायचा म्हणून, एवढंच आम्हाला माहीत. लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली, तेव्हाची फाईल होती. पिवळा पडलेला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मी वाचला. त्यात अॅडिनोमायोसिस लिहिलं होतं. म्हणजे तोच अंतःस्तर, पण गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत शिरलेला. माझ्या आजाराचं जवळचं नातं, आणि दोन्ही एकाच बाईत असणंही नवल नाही.

"तुला हे कुणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कॅन्सर नाही म्हणाले. मग ठेवून दिला." ती शालूची घडी परत घालत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवसांत संडासात मी भिंत धरून बसायचे. तुझ्या बाबांना वाटायचं मी आत पेपर वाचते."

रिपोर्ट ती पुन्हा पेटीत ठेवू लागली. मी म्हटलं, "राहू दे, मी नेते." तिने तो हातात धरून ठेवला, तारीख वाचली, मग दिला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी माझा पहिल्या दिवसाचा केसपेपर काढला, 'घरात कुणाला' याच्यापुढचं 'नाही' खोडलं आणि 'आई' असं लिहिलं.